पलीकडे आलेलं पार्सल

स्टर्नफील्डच्या क्लबात पॅराशूटचं काहीही मागवायचं असलं, की माणसं आधी नेटी हार्म्सकडे जात. अख्ख्या मॅनिटोबा प्रांतात या सामानाचं एकही दुकान नाही. दुकानं सगळी सीमेपलीकडे, अमेरिकेत. कुणी फ्लोरिडात, कुणी ॲरिझोनात. तिकडून थेट घरी मागवलं तर पार्सल कधी येईल आणि वाटेत कुठं रखडेल, याचा नेम नसे. म्हणून नेटीनं फार पूर्वीच पलीकडच्या पेंबिना गावात, लोकांची पार्सलं सांभाळणाऱ्या एका गोदामात स्वतःच्या नावाचा खण घेऊन ठेवला होता. सगळ्यांचं सामान तिथं उतरायचं आणि पंधरा-वीस दिवसांतून एकदा ती गाडी काढून घेऊन यायची. जायला तास, यायला तास, शिवाय सीमेच्या नाक्यावर रांग असेल तेवढा वेळ.

नेटी बावन्न वर्षांची, एकटी राहणारी. आठवडाभर बियाणं साफ करण्याच्या कारखान्यात नोकरी आणि शनिवार-रविवार क्लब. हजारावर उड्या तिच्या नावावर होत्या, पण गुडघा गेल्यापासून ती विमानात चढत नसे. राखीव पॅराशूट तपासायचं, घडी घालायचं आणि वर सील लावायचं, याचा परवाना तिच्याकडे होता. तीनशे किलोमीटरच्या टापूत तसा परवाना असलेलं दुसरं माणूस नव्हतं. त्यामुळे क्लबात तिच्या शब्दाला वजन होतं, आणि ते तिला आवडायचं. ती ते कधी बोलून दाखवायची नाही एवढंच.

अँसेल्म टेव्ह्ज क्लबात आला तो बायकोमुळे. तो प्लंबर होता. छत्तिसाव्या वाढदिवसाला कॉरिननं त्याला एका उडीचं तिकीट भेट दिलं, प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून मारायच्या उडीचं. एकदा गंमत म्हणून करून येईल, असं तिला वाटलं होतं. तो खाली आला तो पुढच्या शनिवारचं विचारतच. वर्षभरात त्यानं स्वतःचा परवाना काढला आणि मग सगळ्यांसारखा नेटीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, की मला स्वतःचं सामान घ्यायचंय.

नेटीनं त्याचं माप घेतलं तेव्हा त्यानं श्वास ओढून पोट आत घेतलं होतं.

"सोड ते," नेटी म्हणाली. "शिवणाऱ्याला खरं माप लागतं. वर तुझं पोट बघायला कुणी येत नाही."

"कॉरिन येते की. दुर्बीण घेऊन उभी असते खाली."

"तिला तुझं पोट ठाऊक आहे. लग्नात शिवलेला कोट दोनदा ढिला केलाय तिनं, मला सांगितलंय."

तो हसला आणि पोट सोडलं. नवा हार्नेस शिवून यायला सात-आठ महिने लागणार होते, म्हणून शेवटी नेटीनंच त्याला फ्लोरिडातल्या एका दुकानातून जुना, पण चांगल्या स्थितीतला संच मिळवून दिला. मुख्य पॅराशूट, राखीव पॅराशूट, हार्नेस, आणि आत बसवलेलं ते छोटं यंत्र. क्लबात त्याला सगळे डबीच म्हणत. माणूस वर बेशुद्ध झाला, भांबावला किंवा त्याला उंचीचं भान राहिलं नाही, तर ठरलेल्या उंचीवर ती डबी आपली आपण राखीव पॅराशूटची दोरी कापते आणि ते उघडतं. शिकाऊंना ती बांधल्याशिवाय विमानात बसू देत नाहीत. परवाना असलेल्यांवर सक्ती नव्हती, तरी बहुतेक जण बांधायचे.

अँसेल्मच्या डबीची तपासणीची मुदत त्या उन्हाळ्यात भरली. तपासणीचं केंद्रही पलीकडेच. जूनमध्ये नेटीनं ती काढून, खोक्यात घालून पाठवून दिली. डबीशिवाय नको, म्हणून अँसेल्म महिनाभर उडीविना बसला. शनिवारी क्लबात यायचा, इतरांची पॅराशूटं घडी घालू लागायचा, सूर्यफुलाच्या बिया फोडत विमानाकडे बघत राहायचा.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी नेटीच्या फोनवर गोदामाचा निरोप आला, की एक पार्सल आलंय. पाठवणाऱ्याच्या नावावरून तिला कळलं की ही अँसेल्मची डबी. पण त्याच आठवड्यात आणखी दोन पार्सलं यायची होती, एकाचं हेल्मेट आणि एकीचा उडीचा पोशाख. शुक्रवारी तिन्ही मिळून एकाच खेपेत आणू, असं तिनं ठरवलं. यात काही विशेष नव्हतं. ती नेहमी असंच करायची.

गुरुवारी अँसेल्मचा फोन आला. आलं का म्हणून त्यानं विचारलं. उद्या आणते, असं सांगायला नेटीचं काही जात नव्हतं. पण आलंय म्हटलं तर तो आत्ताच्या आत्ता स्वतः निघेल, मग गोदामातला खण तिच्या नावाचा, चिठ्ठी द्या, सही द्या, ते सगळं तिला नको वाटलं. शिवाय तीन दिवस तिथं पडूनही आणलं नाही, हे कबूल करावं लागलं असतं. ती म्हणाली, अजून निरोप नाही, उद्यापर्यंत यावं.

शुक्रवारी ती निघालीच नाही. ऑगस्टचा पहिला सोमवार सुट्टीचा, त्यामुळे दुपारपासूनच माणसं तंबू, होड्या, सायकली लादून दक्षिणेकडे निघाली होती. रेडिओवर नाक्यावरच्या रांगेचं सांगत होते, दोन तासांच्या वर. कारखान्यातून सुटेपर्यंत पाच वाजले. मंगळवारी जाऊ, असं म्हणून तिनं गाडी घराकडे वळवली.

त्या सुट्टीला क्लबनं मोठं विमान भाड्यानं आणलं होतं. एरवीच्या छोट्या विमानात चार जण मावत. या तीन दिवसांत आठ जणांना एकदम बाहेर पडून हवेत हात धरून कडं करता येणार होतं. क्लबचा मालक गार्थ वीब सत्तरीचा झाला होता आणि त्याच्या नावानं ते कडं करायचं घाटत होतं. अँसेल्मचं नाव आठांत होतं.

शनिवारी सकाळी आकाश असं निवळलेलं होतं की क्षितिजापर्यंत गव्हाची शेतं आणि धान्याची कोठारं स्पष्ट दिसत होती. नेटी आपल्या टेबलाशी बसली होती. अँसेल्म पाठीवर संच घेऊन आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. कॉरिन आणि त्यांची नऊ वर्षांची मार्लिस लांब कुंपणापाशी घडीच्या खुर्च्या मांडत होत्या.

"काय नेटीबाई, आमचं आलं का काही?"

"नाही अजून."

"मग आज सोडून देऊ? तू सांगशील तसं."

तो खरोखरच विचारत होता. नेटीला नंतर त्याचा चेहरा जसाच्या तसा आठवत राही. नको म्हणाली असती तर तो जरा हिरमुसला असता आणि बिया फोडत खुर्चीवर बसला असता. पण मग त्यानं, किंवा दुसऱ्या कुणी, विचारलं असतं की एवढा उशीर कसा, फोन तरी कर गोदामाला. आणि मोठं विमान पुन्हा वर्षभर येणार नव्हतं. तिच्याच ढिलाईपायी त्याचा तो दिवस जाणार होता.

"तुला सक्ती कुठं आहे," ती म्हणाली. "मी पहिल्या चारशे उड्या डबीशिवाय मारल्यात. शुद्धीत राहा आणि उंचीवर लक्ष ठेव म्हणजे झालं."

"शुद्धीत राहा म्हणे. गटारात डोकं घालूनही शुद्धीत राहणाऱ्या प्लंबरला सांगतेस?"

एवढं बोलून तो विमानाकडे गेला.

तेरा हजार फुटांवरून आठ जण बाहेर पडले. खालून ते आधी दिसतच नाहीत, नुसता विमानाचा आवाज बदलतो. नेटी सवयीनं टेबलामागून उठून उघड्यावर आली होती. वर काय झालं ते तिला नंतर कळलं. कडं जमलं होतं, सात जणांचं. आठवा, विनिपेगचा एक जण, उशिरा आणि वेगानं आला आणि त्याचा गुडघा अँसेल्मच्या डोक्यावर बसला. हेल्मेटसकट मान मागं गेली. अँसेल्मचे हात सुटले आणि तो पाठीवर पडून खाली जाऊ लागला. दोघांनी त्याच्यामागं झेप घेतली, एकाचा हात त्याच्या बाहीला लागलाही, पण उंची संपत आली आणि त्यांना आपापली पॅराशूटं उघडावी लागली.

नेटी खालून मोजत होती. एक, दोन, मग तीन एकदम, मग सहावं, सातवं. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. कुंपणापाशी कॉरिन दुर्बीण डोळ्यांना लावून अँसेल्मच्या निळ्या-पिवळ्या पॅराशूटची वाट बघत होती.

तो धावपट्टीच्या पलीकडे मोहरीच्या शेतात पडला.

पोलीस आले, पॅराशूटवाल्यांच्या संघटनेची माणसं आली. नेटीनं संच उघडून दाखवला. राखीव पॅराशूटची घडी बिनचूक होती, सील जागेवर होतं. डबी का नाही म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की तपासणीला पाठवली आहे. ते खरंच होतं. परत कधी आली, हे कुणी विचारलं नाही. डबी असती तर तो वाचला असता का, असं मात्र एकानं विचारलं. हो म्हणाली. त्यानं ते लिहून घेतलं आणि पुढं लिहिलं, की परवानाधारकाला सक्ती नाही.

अंत्यविधीला चर्च भरून माणसं बाहेर उभी होती. खाली तळघरात बायकांनी नेहमीसारखं मांडून ठेवलं होतं, बन, चीज, काकडीचं लोणचं, कॉफी आणि साखरेचे खडे. कॉरिन एका टोकाला बसली होती आणि माणसं ओळीनं येऊन तिचा हात धरत होती. नेटीची पाळी आली तेव्हा कॉरिननंच तिला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाली, की तुझं त्याला फार होतं, घरी सारखं नेटी अशी, नेटी तशी. नेटीच्या हातातला बन कुस्करला गेला. ती कोटाच्या खिशात तो चुरा घेऊन घरी गेली.

पुढच्या गुरुवारी तिनं रजा टाकली आणि पेंबिनाला गेली. गोदामातल्या बाईनं तीन पार्सलं तिच्यापुढं ठेवली. छोट्या खोक्यावर पोचल्याची तारीख छापलेली होती, एकोणतीस जुलै. परत येताना नाक्यावर रांग नव्हतीच. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं सामान विचारलं. हेल्मेट, पोशाख आणि दुरुस्तीहून परत आलेलं एक यंत्र, नेटीनं सांगितलं.

"कसलं यंत्र?"

तिनं समजावून सांगितलं. माणसाला स्वतःला उघडता आलं नाही तर ते पॅराशूट उघडतं.

"आणि चालतं ते?"

"चालतं."

"बरं आहे," असं म्हणून त्यानं कागद परत दिले आणि फाटक वर केलं.

ती घरी गेली नाही. सरळ टेव्ह्जांच्या घरी गेली. कॉरिन मागच्या अंगणात काकड्या तोडत होती. टोपलीभर तोडून झाल्या होत्या, तरी तोडतच होती. घरात इतक्या काकड्या खाणारं आता कोण होतं. नेटीनं खोकं गाडीतच ठेवलं आणि वाफ्यापाशी उभी राहून सांगून टाकलं. मंगळवारी आलं होतं. मला ठाऊक होतं. त्यानं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. आज सोडू का म्हणाला, मी म्हटलं जा.

कॉरिन वाकलेली होती ती हळूच उठली. शेजारच्या शेतात कुणी तरी गवताचे भारे बांधत होतं, त्या यंत्राचा आवाज येत राहिला.

"किती वेळा विचारलं त्यानं?"

"दोनदा. गुरुवारी फोनवर, आणि शनिवारी."

"का म्हणालीस नाही?"

नेटीजवळ उत्तर होतं, पण ते इतकं क्षुल्लक होतं की तोंडातून निघेना. रांग होती. एकाच खेपेत आणायचं होतं. लाज वाटली. शेवटी तिनं तेच सांगितलं, तिन्ही.

कॉरिननं मान हलवली, जणू काही हिशेब पटला. मग म्हणाली, "पहिलं तिकीट मी काढून दिलं होतं. इतके दिवस मी स्वतःलाच खात होते. मग त्याच्यावर रागावत होते, की एवढी कसली हौस. त्याच्यावर रागावलं की तो घरात असल्यासारखं वाटायचं. आता तू हे आणलंस. तुला सांगून मोकळं व्हायचं होतं ना? झालीस?"

"नाही."

"मग कुणाचं काय भलं झालं?" तिचा आवाज चढला नव्हता. "जा, नेटी. मार्लिसची बस यायची वेळ झालीय. तिनं तुला इथं बघायला नको."

ऑगस्टात शाळेची बस नसते. उन्हाळी शिबिराची असेल, किंवा नसेलही. नेटीनं विचारलं नाही. खोकं तसंच गाडीत होतं, ते कॉरिनला द्यायचं की नाही हेही तिला सुचलं नाही.

गार्थला तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्यानं खुर्ची ओढून तिला बसवलं, कॉफी दिली. म्हणाला, आपण सगळेच असं करतो, एकदा आणू, नंतर आणू. तू ढकललं नाहीस त्याला. ज्याचा गुडघा लागला तो पोरगा विनिपेगमध्ये अंथरूण धरून बसलाय, त्याला मी काय सांगू? मनाला लावून घेऊ नकोस. आणि खाली बघत त्यानं हळूच विचारलं, की महिनाअखेर पाच राखीव पॅराशूटांची मुदत भरतेय, ती करशील ना. तुझ्याशिवाय कोण आहे इथं?

नेटीला वाटलं होतं, तो तिला क्लबातून काढेल. निदान ओरडेल.

तिनं संघटनेला पत्र लिहिलं. तारखांसकट सगळं लिहिलं, आपण खोटं बोललो हे लिहिलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांनी सहानुभूती कळवली होती. कोणत्याही नियमाचा भंग झालेला नसल्यानं परवान्यावर काही कारवाई करायचं कारण दिसत नाही, असं पुढं होतं. खाली एका समुपदेशकाचा फोन नंबर दिला होता. नेटीनं तो नंबर फिरवला नाही. काय सांगणार? कुणी शिक्षा देत नाही अशी तक्रार?

ती पाच पॅराशूटं तिनं केली. एकेक घडी तीनदा उलगडली, तीनदा घातली. एरवी दोन तासांचं काम, तिला सबंध दिवस लागू लागला. पाचव्याला सील लावायची वेळ आली तेव्हा तिच्या हातांनी ऐकलंच नाही. ते नुसते टेबलावर पडून राहिले. तिनं गार्थला बोलावलं आणि सांगितलं, की हे दुसऱ्या कुणाकडून करून घे, मी यापुढं नाही. त्यानं खूप समजावलं. मग तोही थकला. ऑक्टोबरात छोटं विमान विकायला काढलं आणि क्लबच्या फाटकाला कुलूप लागलं. ज्यांना उडायचंच होतं ते पलीकडे, डकोटातल्या क्लबात जाऊ लागले. कुणी नेटीला दोष दिला नाही. रस्त्यात भेटले की जरा जास्तच मऊ बोलायचे, आणि त्या मऊपणानं तिचा जीव गुदमरायचा. कॉरिननं कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं, हे तिला त्यावरूनच कळत होतं.

विनिपेगच्या त्या मुलाला तिनं एकदा पत्र लिहिलं, की चूक तुझी नव्हती. उत्तर आलं नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी ती किराणा घेऊन दुकानाबाहेर आली तेव्हा तापमान उणे चौतीस होतं. वाहनतळावर दोनच गाड्या होत्या, एक तिची. दुसरीत कॉरिन किल्ली फिरवत होती आणि गाडी नुसती कण्हत होती. मागच्या सीटवर मार्लिस, टोपीतून डोळे तेवढे बाहेर. वाऱ्यानं उडणाऱ्या बर्फात तिसरं माणूस नव्हतं.

कॉरिननं तिला पाहिलं. मग तिनं समोरच्या काचेतून बाहेर बघत किल्ली आणखी एकदा फिरवली, आणि आणखी एकदा. शेवटी तिनं बॉनेटचा खटका ओढला आणि खाली उतरून बाजूला उभी राहिली.

नेटीनं आपली गाडी तिच्या गाडीच्या नाकासमोर आणून लावली. डिकीतून तारा काढल्या, आधी लाल, मग काळी, दोन्ही बॅटऱ्यांना जोडल्या. बोटं क्षणात बधिर झाली. पाच मिनिटं दोन्ही बायका दोन बॉनेटांच्या मध्ये उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडांतून निघणारी वाफ एकत्र होऊन उडून जात होती. नेटीकडे सांगण्यासारखं जे होतं ते सगळं वाफ्यापाशी सांगून झालं होतं.

गाडी सुरू झाली. नेटीनं तारा सोडवल्या.

"थँक्स," कॉरिन म्हणाली. कुणा अनोळखी माणसाला म्हणावं तसं, पुरेसं सभ्य. मग दार लावून घेतलं, मार्लिसचा पट्टा नीट आहे का ते मागं वळून पाहिलं आणि हायवेच्या दिशेनं निघून गेली.

नेटी तारा गुंडाळायला लागली. थंडीनं त्या काठीसारख्या ताठ झाल्या होत्या आणि वळत नव्हत्या. तिनं त्या तशाच डिकीत टाकल्या, गाडीत बसली आणि काचेवरचं बर्फ वितळेपर्यंत बसून राहिली. ते वितळलं, तरी बसून राहिली.